महासाथीतील सरकारी संवाद आणि लोकांची नाराजी

महासाथीच्या काळात सरकार लोकांना काय सांगते, कधी सांगते आणि कोणत्या सुरात सांगते, यावरून लोकांमध्ये वैताग, संताप आणि पुढे अविश्वास साचत जातो. या नोंदीत त्याचा विचार केला आहे. निर्बंधांचा जाच वेगळा आणि ते नीट न समजावल्याचा जाच वेगळा. लग्न पुढे ढकलावे लागल्याचे दुःख एक. ते पन्नास माणसांत करता येईल की वीस, हे आदल्या रात्रीपर्यंत न कळल्याचा संताप दुसरा. दोन्ही एकाच माणसाच्या मनात असतात, त्यामुळे 'लोक बंधनांना कंटाळले आहेत' असे म्हणून दुसरा राग पहिल्याच्या खात्यावर मांडायची सोय प्रशासनाला आयतीच मिळते.

या नाराजीची अफवांवरच्या विश्वासाशीही गल्लत केली जाते. साथ मुळातच खोटी आहे असे मानणारा माणूस आरोग्यमंत्र्यांची पत्रकार परिषद बघायला बसत नाही. चिडतो तो ती शेवटपर्यंत बघणारा, नियमावली डाउनलोड करून वाचणारा आणि तिच्यातला दुसरा मुद्दा सातव्याशी जुळत नाही हे ध्यानात आलेला. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये माहितीच्या पुराला उद्देशून 'इन्फोडेमिक' हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. त्यानंतरची बरीचशी चर्चा चुकीच्या माहितीभोवतीच फिरली. अधिकृत माहितीच उशिरा, तुटपुंजी किंवा परस्परविरोधी आली तर काय, हा प्रश्न त्या मानाने अंग चोरून मागे बसला.

पूर्वेतिहास

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे प्रचलित नावच सरकारी मौनातून पडले आहे. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांत वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. तटस्थ स्पेनमध्ये तसे नसल्याने साथीच्या बातम्या तिथून येऊ लागल्या आणि रोग 'स्पॅनिश फ्लू' ठरला. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे आरोग्य संचालक विल्मर क्रूसेन यांनी डॉक्टरांचे इशारे असूनही २८ सप्टेंबर १९१८ ची, युद्धासाठी कर्ज उभारण्याच्या प्रचाराची मिरवणूक होऊ दिली. तिला सुमारे दोन लाख लोक जमले. काही दिवसांतच शहरातली रुग्णालये भरली आणि शाळा, चर्च, नाट्यगृहे बंद करावी लागली.

सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसंग त्याहून बोलका आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये तिथे मास्क सक्तीचे झाले. पुढे एका मुष्टियुद्धाच्या सामन्यात काढलेल्या छायाचित्रात महापौर जेम्स रॉल्फ आणि ज्यांच्या आग्रहाने सक्ती आली ते आरोग्य अधिकारी विल्यम हॅसलर, दोघेही मास्क न लावता बसलेले दिसले. दोघांनाही दंड भरावा लागला. जानेवारी १९१९ मध्ये सक्ती पुन्हा लागू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध शहरात 'अँटी-मास्क लीग' उभी राहिली.

१९७६ मध्ये अमेरिकेत याच्या उलट घडले. स्वाइन फ्लूची मोठी साथ येणार असे गृहीत धरून राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी साऱ्या देशाच्या लसीकरणाची घोषणा केली. चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली. साथ मात्र आलीच नाही. लसीनंतर गियाँ-बारे सिंड्रोम हा मज्जातंतूंचा विकार आढळल्याने डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली गेली. भीती खरी ठरली नाही याबद्दल सरकारला क्षमा करता येते; अंदाज हा अंदाज म्हणून न मांडल्याबद्दल करणे जड जाते.

सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळी, २० एप्रिल २००३ रोजी बीजिंगमधील रुग्णांचा अधिकृत आकडा ३७ वरून एकदम ३३९ वर गेला आणि त्याच दिवशी चीनचे आरोग्यमंत्री व बीजिंगचे महापौर पदावरून गेले. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्स हा तशाच प्रकारचा श्वसनरोग पसरला, तेव्हा कोणत्या रुग्णालयांत संसर्ग झाला हे सरकारने ७ जूनपर्यंत उघड केले नाही. तोवर लोकांनी ऐकीव माहितीवरून रुग्णालयांचे नकाशे स्वतःच तयार करून इंटरनेटवर टाकले होते. पुढे कायदा बदलून माहिती उघड करणे बंधनकारक झाले. २०२० मध्ये त्याचे दुसरे टोक दिसले: बाधिताचे वय, लिंग, तो कोणत्या दिवशी किती वाजता कुठे होता, हे परिसरातल्या सर्वांच्या मोबाइलवर येऊ लागले. नाव नसे, पण शेजाऱ्याला ओळखायला नाव कशाला लागते? अखेर देशाच्या मानवाधिकार आयोगाला त्याबद्दल चिंता व्यक्त करावी लागली.

खात्रीचा सूर

कोविड-१९ च्या काळातल्या नाराजीचे मूळ शोधायचे तर मास्कपाशी थांबावे लागते. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबतचे सरकारचे प्रमुख प्रवक्ते, जेरोम अॅडम्स यांनी लोकांना मास्क विकत घेणे थांबवा असे बजावले. सर्वसामान्यांना त्यांचा उपयोग नाही, पण आरोग्य कर्मचाऱ्यांना ते मिळाले नाहीत तर धोका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ३ एप्रिलला तिथल्याच रोग नियंत्रण संस्थेने, सीडीसीने, सर्वांना कापडी मास्क वापरायला सांगितले. दरम्यान लक्षणे नसलेल्यांकडूनही रोग पसरतो हे स्पष्ट होत गेले होते, त्यामुळे सल्ला बदलणे रास्तच होते. खटकले ते पहिल्या वाक्यातले तर्कट. जी वस्तू परिचारिकेला वाचवते ती मला का वाचवत नाही, हा प्रश्न पडायला वैद्यकाची पदवी लागत नाही. खरे कारण तुटवडा होते, हे अधिकाऱ्यांनी नंतर मान्यही केले. 'मास्क कमी आहेत, ते आधी रुग्णालयांना द्या' एवढे पहिल्याच दिवशी म्हटले असते, तर पुष्कळांनी ते ऐकले असते असे मानायला जागा आहे.

हवेतून होणाऱ्या प्रसाराचे प्रकरण अधिक लांबले. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमावर, 'तथ्य' अशा शीर्षकाखाली, कोविड हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून सूक्ष्म कणांतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष वेधले. संघटनेची भाषा हळूहळू सैल होत गेली. 'हवेतून प्रसार' यासारख्या संज्ञांची नवी व्याख्या तिने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. मधल्या काळात लोक दाराच्या कड्या आणि भाजीच्या पिशव्या पुसत राहिले, खिडक्या मात्र बंदच राहिल्या.

जोखीम-संवादाचे अमेरिकी अभ्यासक पीटर सँडमन यांचे सूत्र या क्षेत्रात वारंवार उद्धृत होते: जोखीम म्हणजे धोका अधिक प्रक्षोभ. रोगतज्ज्ञ धोका मोजतात. लोकांची प्रतिक्रिया ठरते ती बहुतांशी प्रक्षोभावर, म्हणजे आपल्याला विश्वासात घेतले का, आपल्यावर काही लादले का, यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या संवाद मार्गदर्शिकेत विश्वास, लवकर घोषणा आणि पारदर्शकता यांना अग्रक्रम होताच. त्यामुळे २०२० मधल्या चुका अज्ञानातून झाल्या असे म्हणता येत नाही. पुस्तक कपाटात होते.

शब्द, वेळ आणि आकडे

ब्रिटनमध्ये 'घरी राहा' ही घोषणा साधी आणि परिणामकारक होती. १० मे २०२० रोजी तिच्या जागी 'सावध राहा' आली. डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूपासून सावध राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, याची टिंगल त्याच संध्याकाळी सुरू झाली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या सरकारांनी नवी घोषणा नाकारून जुनीच ठेवली. याउलट जपानची 'तीन मित्सु' ही सूचना (बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून संभाषण टाळा) लोकांच्या तोंडी बसली. त्याच जपान सरकारने एप्रिलमध्ये घरटी दोन कापडी मास्क पाठवायचे जाहीर केले, तेव्हा पंतप्रधान शिंझो आबे यांच्या नावावरून 'आबेनोमास्क' म्हणत लोकांनी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली.

चुकीच्या वेळी बाहेर पडलेली बातमीही पुरते. ७ मार्च २०२० च्या रात्री लोम्बार्डी प्रांत बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा सहीआधीच इटलीच्या माध्यमांत फुटला आणि मिलानच्या स्थानकावर दक्षिणेकडच्या गाड्या गाठण्यासाठी लोक धावले. भारतात २४ मार्चला रात्री आठ वाजता जाहीर झालेली देशव्यापी टाळेबंदी चार तासांत लागू झाली; शहरांत अडकलेल्या स्थलांतरित मजुरांनी आता काय करायचे, याचे उत्तर त्या घोषणेत नव्हते.

आकड्यांनी दिलासा मिळावा अशी अपेक्षा असते. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२० अखेर दिवसाला एक लाख चाचण्यांचे लक्ष्य ठेवले आणि १,२२,३४७ चाचण्या झाल्याचे जाहीर केले. त्यांत टपालाने पाठवलेले संच धरले होते, ते परत येवोत न येवोत. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी आकड्यांच्या या मांडणीवर जूनमध्ये लेखी ताशेरे ओढले. ऑक्टोबरमध्ये तर १५,८४१ बाधित रोजच्या अहवालांतून गळल्याचे उघड झाले. एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, आणि भरलेल्या फाइलमधल्या पुढच्या नोंदी मुकाट्याने सुटत गेल्या. यात कट नव्हता, कोणाचा स्वार्थही नव्हता. पण तोपर्यंत अशी खुलासेवजा वाक्ये सहज पटण्याचे दिवस संपले होते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान

नियम करणाऱ्यांनीच ते मोडणे ही नाराजीला लागणारी सर्वांत जलद आग. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरीन काल्डरवुड दूरवरच्या आपल्या दुसऱ्या घरी जाऊन आल्याचे उघड होताच त्यांनी ५ एप्रिल २०२० रोजी राजीनामा दिला. न्यूझीलंडचे आरोग्यमंत्री डेव्हिड क्लार्क टाळेबंदीत कुटुंबासह समुद्रकिनारी गेले. त्यांचे मंत्रिमंडळातले स्थान खाली उतरवले गेले. ब्रिटनच्या पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज मात्र लंडनहून डरहॅमला गेल्याचे उघड झाल्यावरही पदावर राहिले. २५ मेच्या पत्रकार परिषदेत, तिथून बार्नार्ड कॅसल या गावापर्यंतचा प्रवास आपली दृष्टी गाडी चालवण्याइतकी ठीक आहे का ते बघण्यासाठी केला, असे त्यांनी सांगितले. या घटनेनंतर इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास घसरला आणि स्कॉटलंड-वेल्समध्ये तशी घसरण दिसली नाही, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. टाळेबंदीच्या काळात पंतप्रधान निवासात झालेल्या मेजवान्यांपैकी एकीचा दंड खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये भरावा लागला. आप्तांच्या अंत्यविधीला खिडकीतून हजेरी लावलेल्या माणसांना दंडाच्या रकमेशी काही देणेघेणे नव्हते.

ज्यांच्यापर्यंत पोचलेच नाही

नाराजीचा हा भाग फारसा मोजला जात नाही. ४ जुलै २०२० रोजी मेलबर्नमध्ये सार्वजनिक गृहयोजनेचे नऊ मनोरे तत्काळ बंद झाले. सुमारे ३,००० रहिवासी आत होते, त्यांतले अनेक स्थलांतरित आणि निर्वासित. आपल्याला का कोंडले आहे हे त्यांना आपल्या भाषेत कळण्याआधी दाराशी पोलीस उभे होते. त्या बंदीने मानवाधिकारांच्या कायद्याचा भंग झाला, असा निष्कर्ष व्हिक्टोरियाच्या लोकपालांनी डिसेंबरमध्ये दिला. इंग्लंडमध्ये २०२० मधल्या दोन सरकारी निवेदनांच्या वेळी सांकेतिक भाषेचा दुभाषा नव्हता. त्यामुळे कर्णबधिरांबाबत भेदभाव झाला, असा निकाल उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिला.

पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाने हा धडा आधीच दिला होता. 'या रोगावर इलाज नाही' असे सुरुवातीचे संदेश गंभीरता पटवण्यासाठी होते. मग उपचार केंद्रात जायचे तरी कशाला, असा सरळ अर्थ कुटुंबांनी घेतला. प्रेते ताब्यात घेण्याच्या पद्धतीवरून संघर्ष झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक' दफनाची नवी नियमावली आणली, तिच्यात कुटुंबाच्या आणि धर्मगुरूंच्या सहभागाला जागा होती.

राग उतरतो तेव्हा

तैवानमध्ये एप्रिल २०२० मध्ये गुलाबी मास्क लावल्याने शाळेत मुलगे चिडवतील अशी तक्रार आली. पुढच्या पत्रकार परिषदेला आरोग्यमंत्री चेन शिह-चुंग आणि त्यांचे सहकारी एका रांगेत गुलाबी मास्क लावून बसले. भाषण लांबवावे लागले नाही. जर्मनीत मार्च २०२१ मध्ये ईस्टरच्या सुटीतील कडक बंदीचा निर्णय रात्रभर चाललेल्या बैठकीत झाला आणि दीड दिवसात मागे घेतला गेला. चान्सेलर आंगेला मेर्केल यांनी ही चूक सर्वस्वी आपली असल्याचे सांगून जाहीर माफी मागितली. माफीने गोंधळ निस्तरला नाही, पण कोणाला बोल लावायचा ही शोधाशोध संपली.

डेन्मार्कने एप्रिल २०२१ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मीळ धोक्यामुळे अॅस्ट्राझेनेकाची लस कार्यक्रमातून काढली आणि कारणे उघडपणे मांडली. ऑर्हस विद्यापीठाचे मायकेल बँग पीटरसन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक अडचणीची गोष्ट दिसते: लसीचे दोष स्पष्ट सांगितले तर ती घेण्याची तयारी कमी होते, पण आरोग्ययंत्रणेवरचा विश्वास वाढतो, गोलमोल बोलले तर तयारी वाढत नाही आणि विश्वास मात्र घटतो. पहिल्या अर्ध्या वाक्यावर थांबण्याचा मोह अधिकाऱ्यांना होतो, हे समजण्यासारखे आहे.

वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी सहकाऱ्यांना सार्ससारख्या रोगाची सूचना दिली होती. अफवा पसरवल्याबद्दल पोलिसांनी ३ जानेवारीला त्यांना समज देऊन लेखी कबुली घेतली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचा कोविडने मृत्यू झाला आणि मार्चमध्ये ती समज रद्द करून कुटुंबाची माफी मागण्यात आली. १ फेब्रुवारीची त्यांची वेईबो या चिनी समाजमाध्यमावरची शेवटची नोंद चाचणी बाधित आल्याची आहे. तिच्याखाली दहा लाखांहून अधिक प्रतिक्रिया जमल्या. लोक तिथे राग व्यक्त करत, नंतर नोकरी गेल्याचे, परीक्षा जवळ आल्याचे, आज पाऊस पडल्याचे सांगू लागले आणि रात्री निरोप घेऊन जाऊ लागले.