बॉल पायथन खात नाही? आधी थर्मामीटर बघा
(आमच्याकडून पेटी आणि गोठवलेलं खाद्य नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पुण्यात थंडी पडायला लागली की दुकानात एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात : बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला लहान अजगर, खात नाहीये. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पेटीत तापमान किती आहे? बरेचदा पेटी खिडकीपाशी असते आणि रात्री हीटिंग मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) बंद केलेली असते. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करू शकत नाही. गिळलेलं पचवायलाही त्याला बाहेरची उष्णता लागते, म्हणून गारठ्यात तो तोंड फिरवतो. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश ठेवा, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येईल. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर नुसता शोभेचा. वायरवाला डिजिटल घ्या आणि त्याचं टोक साप जिथे बसतो तिथे, जमिनीलगत ठेवा. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट लावू नका. पोट भाजलं तरी साप तिथून वेळेवर हलेलच असं नाही.

तापमान बरोबर असूनही खात नसेल, तर धीर धरा. घाना, टोगो, बेनिन या भागातला हा साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहणारा. मोठे साप, विशेषतः नर, विणीच्या काळात काही महिने सहज उपाशी काढतात. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून त्यात त्याचं वजन करा आणि लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर काळजी नको. ते दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा तोंडातून फेस-लाळ येत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. लहान पिल्लाच्या बाबतीत मात्र इतके दिवस थांबू नका. डोळे निळसर-दुधी झाले असतील तर कात येते आहे. ती टाकून होईपर्यंत खाद्य दाखवूच नका.

उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा असावा, फार तर किंचित मोठा. पिल्लाला पाच-सात दिवसांनी एक, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी एक पुरतो. गोठवलेला उंदीर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी पिशवीसकट गरम पाण्यात धरा. तो आतपर्यंत वितळला पाहिजे, आणि हाताला चांगला कोमट लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, उंदीर फुटतो. जिवंत उंदीर देण्याचा आग्रह काही जण धरतात. आम्ही देत नाही. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला कुरतडतो, आणि त्या जखमा आम्ही पाहिल्या आहेत.

लांब चिमट्याने उंदराला पाठीकडून धरा आणि त्याचं डोकं सापाकडे ठेवा. संध्याकाळनंतर, खोलीत मंद उजेड असताना. सापाच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता जाणवते, म्हणून गार उंदराकडे तो बघत नाही. मान इंग्रजी एसच्या आकारात मागे गेली, जीभ सावकाश चालू लागली, की हात स्थिर ठेवा. झेप, वेटोळं, मग बराच वेळ काहीच नाही. इथे लोक घाई करून चिमट्याने ढोसतात. तसं करू नका. तो वेटोळं सैल करेल, नाकाने चाचपत उंदराचं डोकं शोधेल आणि एकेक बाजूचा जबडा पुढे सरकवत गिळेल. शेवटी दोन-तीन मोठ्या जांभया देईल. ते आजारपण नाही, जबडा जागेवर बसवणं आहे.

त्यानंतर किमान ४८ तास त्याला हात लावू नका. लगेच उचललं तर उलटी होते, आणि तिने सापाचे बरेच हाल होतात. उलटी झालीच तर दोन आठवडे थांबा, पुढचा उंदीर लहान द्या. खाऊ घालण्यासाठी साप दुसऱ्या डब्यात हलवायची गरज नाही.

एरवी हाताळण्याआधी साबणाने हात धुवा. उंदराचा वास असलेला हात त्याला उंदीरच वाटतो. नंतरही धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूसाठी. आधी हुकाने (साप हाताळायच्या आकडीच्या काठीने) अंगाला हलकेच स्पर्श करा, मग मधोमध आणि शेपटीच्या बाजूला आधार देऊन उचला. डोक्यावरून झडप घालू नका, घारीसारखं वाटतं. चावलाच तर ओढू नका, दात आतल्या बाजूला वळलेले असतात. तोंडावर गार पाणी सोडा. विष नसतं, पण जखम धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

नागपंचमीला दूध दाखवू नका. साप दूध पीत नाहीत. ताजं पाणी मात्र रोज हवं.

एक कायद्याची गोष्ट. बॉल पायथन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. मृत्यू, पिल्लं, हस्तांतर तिथेच कळवायचं असतं. आपल्याकडचा अजगर, नाग, धामण घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यांच्यासाठी आम्ही ना पेटी विकतो ना खाद्य.

खाद्य न्यायला येताना बर्फाची पिशवी किंवा थर्मास डबा आणा. वाटेत वितळलेला उंदीर पुन्हा गोठवून चालत नाही, आणि तसा आम्ही बदलूनही देत नाही.