नहर, जायकवाडी आणि ‘समांतर’: छत्रपती संभाजीनगरच्या पाण्याची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात पाण्याचा विषय निघाला की बोलणं जायकवाडीच्या टक्क्यांवर जातं. पण धरण काठोकाठ भरलेल्या वर्षीही या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या खंडाने पाणी आलं आहे. म्हणजे दुखणं धरणात नाही, धरणापासून नळापर्यंतच्या वाटेत आहे. ती वाट कशी घडत आणि बिघडत गेली, हे पाहण्यासारखं आहे.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवलं, तेव्हा जवळ होती ती उन्हाळ्यात रोडावणारी खाम नदी. त्याने उत्तरेच्या डोंगरांकडे पाहिलं. हर्सूलच्या बाजूला जमिनीत मुरून वाहणारं पाणी बांधीव भुयारात गोळा करायचं आणि निव्वळ उताराच्या जोरावर गावात आणायचं, अशी ही नहर-ए-अंबरी. वाटेत ठिकठिकाणी उतरून गाळ काढता येईल अशी तोंडं ठेवलेली. शहरात उंच जलस्तंभ होते. त्यांत पाणी वर चढे, कोंडलेली हवा सुटे, दाब आवरला जाई आणि तिथून खापरी नळांनी पाणी मोहल्ल्यांतल्या हौदांत उतरे. पुढे शहर वाढलं तशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीच्या भिंतीवरून हौदात कोसळणारी धार पर्यटक बघतात, ती अशाच एका नहरीची.

ना वीज, ना पंप, आणि तरी यातल्या काही नहरी विसाव्या शतकापर्यंत चालल्या. मला यातलं बांधकामाचं कसब मोठं वाटतंच, पण त्याहून मोठं वाटतं ते हे, की दुरुस्तीची सोय मुळातच बांधकामात होती आणि वाटपाचा विचार उगमाइतकाच केला होता.

स्वातंत्र्यानंतर शहराची भिस्त आधी हर्सूल तलावावर आली. मग 1976 मध्ये पैठणला जायकवाडी पुरं झालं आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. चिकलठाणा, वाळूजच्या औद्योगिक वसाहती, सिडकोच्या वसाहती, 1982 मध्ये महानगरपालिका. या वाढीला डोंगरातले झरे पुरणारे नव्हतेच. जायकवाडीशिवाय हे शहर उभं राहिलं नसतं, हे मान्य करायलाच हवं.

पण उताराचं गणित इथे उलटलं. धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1,522 फूट, म्हणजे सुमारे 464 मीटर. शहर साधारण 568 मीटरवर. शंभराहून अधिक मीटरची ही चढण पाणी रोज पंपाने चढतं: धरणातून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलमधून फारोळ्याला शुद्धीकरण, तिथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर आणि मग शहरात. पैठणकडची वीज काही तास गेली तरी शहराचं वेळापत्रक दिवसभराने सरकतं. आधी 700, नंतर 1,400 मिलिमीटरची जलवाहिनी पडली, आणि शहर वाढतच राहिलं. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवर विनापरवाना उभ्या राहिलेल्या गुंठेवारी वसाहतींत तर नळच नव्हते. तिथे ड्रम आणि टँकर.

खंडाने पाणी देण्याचे दुष्परिणाम फक्त गैरसोयीचे नाहीत. व्हॉल्व्ह उघडला की नळातून आधी हवेचा फुसफुसाट, मग गढूळ धार, आणि नंतर कुठे स्वच्छ पाणी. रिकाम्या नळात दाब नसतो. शेजारून गळकी ड्रेनेज लाइन जात असेल तर ती घाण जोडांतून आत शिरते. पुढची पाळी कधी, याचा भरवसा नसल्याने प्रत्येक घर टाकी बांधतं, थेट नळाला मोटार लावतं आणि शेवटच्या घराचा दाब आणखी पडतो. साठवलेलं शिळं पाणी नवं आलं की ओतून दिलं जातं. टंचाईतली ही नासाडी कुठल्याही धरणाच्या टक्केवारीत दिसत नाही.

यावर उपाय म्हणून ‘समांतर’ आली. खासगी भागीदारीतून नवी जलवाहिनी आणि वितरणाचं काम, असा करार झाला. तो वादांत अडकून 2016 मध्ये रद्द झाला. त्यात गेलेली वर्षं शहराला फार महाग पडली. त्यानंतरच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं, तेव्हा आकडा 1,680 कोटींचा होता. तो 2,740 कोटींवर गेला. कामाच्या गतीवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लक्ष ठेवावं लागलं. दरम्यान 2022 मध्ये पाणीपट्टी निम्म्यावर आणली गेली. आठवड्याने येणाऱ्या पाण्याला पूर्ण पट्टी का भरायची, हा लोकांचा सवाल रास्त होता. पण जोड बदलायला, गळती शोधायला पैसा याच पट्टीतून यायचा असतो.

नव्या योजनेतल्या 2,500 मिलिमीटरच्या जलवाहिनीची चर्चा सर्वाधिक होते, कारण ती डोळ्यांत भरते. माझ्या लेखी तिच्याइतकंच मोलाचं आहे ते शहरातलं सुमारे 1,900 किलोमीटरचं वितरणाचं जाळं आणि नवे जलकुंभ. हे काम गल्लीबोळांत, जुन्या नळांच्या आणि ड्रेनेजच्या गुंत्यातून करावं लागतं. ते अर्धवट राहिलं तर नक्षत्रवाडीला कितीही पाणी पोहोचलं तरी गुंठेवारीतला ड्रम दारातून हलणार नाही.