हिवाळी रेखाटन (ग्रामीण विदर्भ)

दिवाळीपासून होळीपर्यंतच्या थंडीच्या दिवसांत, रोजची कामे सांभाळून, वहीत थोडेथोडे रेखाटत राहण्याची सवय. चित्र पूर्ण करावे, रंगवावे किंवा विकावे असा तिचा हेतू नसतो. समोर जे दिसते ते पाचदहा मिनिटांत पेन्सिलीने, पेनाने किंवा कोळशाने टिपायचे, एवढेच. ही काही संघटित चळवळ नव्हे. ग्रामीण विदर्भात ती बहुधा एकेकट्याची असते : चित्रकलेचे शिक्षक, एसटीने तालुक्याला ये-जा करणारे कर्मचारी, शाळकरी मुले, क्वचित एखादा शेतकरी.

हंगाम व वेळ. समाजमाध्यमांवर रोज एक चित्र काढण्याचे जे उपक्रम चालतात, त्यांत अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये सुरू केलेला ‘इंकटोबर’ सर्वांत परिचित आहे. ऑक्टोबरचे ३१ दिवस शाईने रोज एक चित्र, असा त्याचा नेम. वऱ्हाडात मात्र ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. त्या महिन्यात ज्याच्या हाती विळा आहे त्याला कोणी पेन देऊ नये. शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षाही साधारण दिवाळीच्या आधी आटोपतात आणि वही दप्तरातून बाहेर पडते, ती अनेकांची कायमचीच. ती पुन्हा उघडायला नोव्हेंबर बरा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, तेव्हा धानाची कापणी चालू असते, म्हणून तिकडे हा हंगाम आणखी काही आठवडे पुढे सरकतो.

‘रोज सकाळी सहा वाजता’ असा नेम इथे फार दिवस टिकत नाही. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या ओलितासाठी कृषिपंपाची वीज आठवडा पालटला की दिवसाची रात्रीवर जाते. रात्रभर वावरात दांड (पाण्याचे पाट) फोडत हिंडलेला माणूस पहाटे उठून चित्र काढणार नाही. सवय टिकते ती वाट पाहण्याच्या वेळेला बांधली तर. असा वेळ हिवाळ्यात भरपूर मिळतो : जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, एसटी यायची असते, मोटार चालू करून पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचायचे असते, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर बसायचे असते. खिशात मावेल एवढी वही त्यामुळेच मोठ्या ड्रॉइंग बुकापेक्षा उपयोगी ठरते.

उजेड. हिवाळ्याचा खरा लाभ उजेडाचा आहे. नागपूरच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो. उभ्या खांबाची सावली तेव्हा जवळजवळ खांबाएवढीच लांब पडते. मे महिन्याच्या अखेरीस तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. म्हणजे डिसेंबरात बैलाची पाठ, कवेलूंच्या (कौलांच्या) ओळी, विहिरीचा काठ यांना दिवसभर एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू मिळते, वस्तूला आकार येतो. उन्हाळ्यात ती चपटी दिसते. सकाळच्या धुराने आणि धुक्याने आणखी एक सोय होते. जवळचा धुरा (शेताचा बांध) गडद, त्यामागची तूर फिकी, त्यापलीकडचे गाव नुसती पुसट रेघ, असे अंतराचे थर आपोआप सुटे होतात.

विषय. थंडीत माणसे शाल, दुपट्टा, गोधडी पांघरून बसतात आणि बराच वेळ हलत नाहीत. नवशिक्याला याहून चांगला विषय नाही. हातापायांची, खांद्यांची कटकट उरत नाही. वर एक डोके, खाली पांघरुणाचा एक ढीग आणि दोनचार घड्या, एवढ्यावर माणूस ओळखू येतो. शेकोटीपाशी उजेड खालून येतो. हनुवटी, नाकाखालची बाजू, तळहात उजळतात आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. अशा वेळी रेघांनी चेहरा काढू जाण्यापेक्षा आधी अंधार भरावा. झाडीपट्टीत हिवाळाभर मंडई (गावजत्रा) आणि रात्रभराची नाटके चालतात. रंगमंचावरच्या नटांपेक्षा समोर ब्लँकेटात गुरफटून बसलेले प्रेक्षक कितीतरी सोपे जातात. शंकरपटात धावणाऱ्या बैलजोड्या याच्या अगदी उलट टोकाला : दोनतीन रेघांत पाठीचा बाक आणि मानेचा झोक आला तर आला.

कापूस काढणे हे वऱ्हाडातल्या प्रत्येक वहीतले अवघड पान. पांढरा कापूस, पांढरा कागद. पेन्सिल हातात आली की कापूसच काढावासा वाटतो आणि तो ढगासारखा मळकट दिसू लागतो. उमललेले बोंड जवळून पाहिले तर चार किंवा पाच पाकळ्यांत फुटलेले, वाळून तपकिरी झालेले कठीण कवच दिसते. त्याची टोके इतकी टोकदार असतात की वेचणाऱ्या बायांची बोटे सोलून निघतात. ते कवच, त्याखालची वाळलेली झालरदार पाने आणि मागची पऱ्हाटी (कपाशीचे झाड) गडद करावी. कापसाची जागा कोरी सोडावी, फक्त सरकीमुळे जिथे गाठ येते तिथे हलकी सावली द्यावी. जानेवारीनंतर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे (तुरीच्या वाळल्या काड्यांचे) ढीग अंगणात, धुऱ्यावर लागतात. रेघेचा सराव करायला ते उत्तम.

इमारतींमध्ये सेवाग्रामची बापूकुटी रेखाटणाऱ्यांच्या आवडीची आहे. माती, बांबू आणि कवेलूंचे हे घर मोजक्या आडव्या रेघांत बसते. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिर यांच्या शिल्पांनी गच्च भरलेल्या भिंतींपुढे मात्र पाच मिनिटांची सवय कामी येत नाही. तिथे एखादा कोपरा निवडून दुपारभर बसावे लागते. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव पाहुण्या बदकांसाठी चांगले, पण पक्षी जवळ येत नाहीत आणि बोटे आधी गारठतात.

साहित्य. थंडी इथे वाटते त्याहून कडक पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते; उघड्या वावरातला गारठा शहरापेक्षा जास्तच. अशा पहाटे बॉलपेनची शाई घट्ट होते आणि रेघ तुटत जाते. पेन काही वेळ मुठीत किंवा बनियनच्या आत ठेवले की ते पुन्हा चालते. पेन्सिलीला थंडीची बाधा नाही. एचबी आणि ४बी या दोनांत सगळे भागते. जलरंग दवात लवकर वाळत नाहीत, त्यामुळे ते ऊन चढल्यावरच काढलेले बरे. कागदाचा बाऊ करू नये. कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू, कृषी केंद्रातून मिळालेली गेल्या वर्षीची डायरी, शाळेची कोरी वही, सगळे चालते. कोळसा घरचाच होतो : बोटापेक्षा बारीक तुराट्या झाकणबंद पत्र्याच्या डब्यात घालून डबा निखाऱ्यात पुरायचा, धूर यायचा थांबला की काढून पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. हवा लागली तर राख होते. हा कोळसा मऊ, काळाभोर उमटतो आणि तितकाच लवकर पुसला जातो, म्हणून पानांमध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घालावा लागतो.

लोकव्यवहार. गावात कुणी एकट्याने चित्र काढत बसू शकत नाही. “काय काढून राहिला बे?” असे विचारत दोघे-तिघे मागे उभे राहतातच, आणि लगेच “माहा बी काढ ना भाऊ” अशी फर्माईश येते. लाजाळू माणसाची सवय थंडीमुळे नव्हे, याच कारणाने सुटते. वही न झाकता दाखवणे हा त्यावरचा सोपा उपाय. दोनचार दिवसांत लोकांचे कुतूहल ओसरते. बायकांना असे बाहेर बसणे अजूनही तितके सोपे नाही. पण रांगोळीने तयार झालेला त्यांचा हात बहुतेक पुरुषांपेक्षा पक्का असतो आणि रेघ एकदाच, न खोडता ओढण्याची त्यांना सवय असते. सूप, गंज (पातेले), चूल, ओसरीवर वाळत घातलेली तूर अशी घरातली पाने त्यामुळे वावरातल्या पानांपेक्षा अनेकदा सरस उतरतात.

फेब्रुवारीत साग निष्पर्ण होऊ लागतो, पळस फुलायला लागतो आणि पेन्सिलवाल्यांनाही केशरी रंग हवासा वाटतो. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची सोंगणी आणि मुलांच्या परीक्षा येतात. एप्रिलपासून दुपारी बाहेर बसणे शक्य नसते. वही घरात येते आणि विषय माठ, बाज, कूलर एवढ्यांवर येऊन ठेपतात. पेरणीच्या धांदलीत, जूनमध्ये, ती बहुधा बंदच पडते.