चार सूत की तेरा नंबर? जुन्या पिकअपच्या इंजिनांमागचा इतिहास

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखादं जुनं इंजिन टेम्पोतून उतरलं की त्याचा नंबर लगेच कुणी वाचत नाही. वाचता येतच नाही. ब्लॉकवर ऑईल, काजळी आणि मातीचा इतका थर बसलेला असतो, की अंक दिसायला अर्धा तास डिझेल टाकून घासावं लागतं. जुना मिस्त्री आधी हातातला तेरा नंबरचा पाना एखाद्या बोल्टला लावून बघतो. तो नीट बसला तर इंजिन मिलिमीटरमधलं. किंचित खेळला आणि चार सुती पाना गच्च बसला, तर ते इंचातलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजेच १२.७ मिलिमीटर. तेरा आणि १२.७ यांच्यातल्या त्या जरा कमी-जास्त फरकात त्या लोखंडाचं मूळ गाव लपलेलं असतं. इंच असेल तर अमेरिका किंवा इंग्लंड, मिलिमीटर असेल तर फ्रान्स, जर्मनी, जपान किंवा आपलं नंतरचं काम.

ही खूण उपयोगी पडते, कारण आपल्या रस्त्यावरच्या पिकअप गाड्यांच्या नावावरून आतलं इंजिन कळत नाही. बॉनेटवर कंपनी एक, इंजिनाचा आराखडा दुसऱ्या देशातला, गिअर बॉक्स तिसऱ्याचाच. स्वातंत्र्यानंतरच्या औद्योगिक धोरणातून हे घडलं. परदेशातून सुटे भाग आणून गाड्या फक्त जुळवणाऱ्या कंपन्यांना सरकारनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इथंच उत्पादन करण्याची अट घातली, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. जे राहिले त्यांनी परदेशी परवाने घेऊन इथं उत्पादन उभं केलं. एकदा घेतलेला आराखडा मग वीस-तीस वर्षं चालायचा. म्हणून तिकडं केव्हाच बंद पडलेली इंजिनं आपल्याकडं नवीकोरी निघत राहिली.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण जीपचं. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीप जुळवायला घेतल्या. १९५३ मध्ये विलिसनं सीजे-३बी ही जीप काढली. तिचं बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच होतं. हाच उंच चेहरा महिंद्रानं पुढं कित्येक दशकं चालवला. हे इंजिन ओळखायला नंबरही लागत नाही. त्याचा इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळं कार्ब्युरेटर वर हेडवर बसलेला आणि एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड खाली ब्लॉकला लागलेला दिसतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३.१२५ इंच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४.३७५ इंच, एकूण १३४ घनइंच, आपल्या भाषेत सुमारे २२०० सीसी. मागं टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स आणि त्याला स्पायसर १८ ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा. या केसमधून निघणारा शाफ्ट गाडीच्या मधोमध नसतो, उजवीकडं सरकलेला असतो, आणि डिफरन्शियलचा गोळाही उजवीकडंच. भंगारात नुसता अॅक्सल पडलेला दिसला तरी तो कशाचा, हे त्या गोळ्यावरून सांगता येतं.

डिझेलची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते जास्त रंजक. महिंद्राच्या पिकअपमध्ये अनेक वर्षं चाललेल्या एमडीआय इंजिनाचं माप २५२३ सीसी. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. हे आकडे मिलिमीटरमध्ये विचित्र वाटतात. कुठला डिझायनर ८८.९ धरून आराखडा काढायला बसेल? पण २५.४ नं भागून बघा: साडेतीन इंच आणि बरोब्बर चार इंच. मूळ उघडं पडतं. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ ट्रॅक्टर इथं बनू लागला. त्या घराण्याचं इंजिन पुढं जीपमध्ये आणि पिकअपमध्ये आलं. पिकअप चढाला कमी आरपीएमवर जोर धरतो आणि सपाटीला पळताना ओरडतो, याचं कारण त्या ट्रॅक्टरच्या रक्तात आहे. शेतावरून थेट रस्त्यावर आलेलं हे इंजिन परत शेतावर पंपाला लावलं जातं, तेव्हा मला त्यात काहीच गैर वाटत नाही.

महिंद्राचंच दुसरं डिझेल प्यूजोकडून आलेलं: एक्सडीपी ४.९०. इथं नावातच सगळं आहे. ४ म्हणजे सिलिंडर, ९० म्हणजे बोअर मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. याला हीटर प्लग लागतात, कारण डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं. एमडीआयमध्ये ते थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात जातं. दोन्ही इंजिनं शेजारी पडली असतील तर हीटर प्लगची भोकं बघावीत, घोटाळा होत नाही.

नावातच माप सांगायची हीच पद्धत टाटांनीही ठेवली आणि ती इतकी सोयीची आहे की उद्यमनगरातली पोरं ती पाढ्यासारखी म्हणतात. १९८८ च्या टाटामोबाईल पिकअपमध्ये ४८३ आलं: चार सिलिंडर, ८३ चा बोअर, ९० चा स्ट्रोक, १९४८ सीसी. हेच पुढं १९९४ च्या सुमोत गेलं. १९८६ च्या ४०७ मधलं आणि नंतर २०७ डीआय पिकअपमधलं ४९७: चार सिलिंडर, ९७ चा बोअर, १०० चा स्ट्रोक, २९५६ सीसी. मोठ्या ट्रकचं ६९७ म्हणजे त्याच बोअरचे सहा सिलिंडर. सगळ्यात सुंदर हिशेब छोटा हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा. इंडिकाचं डिझेल ४७५, म्हणजे चार सिलिंडर, ७५ चा बोअर, १४०५ सीसी. ते निम्मं केलं की २७५, दोन सिलिंडर, ७०२ सीसी. २००५ साली आलेली एस गाडी याच निम्म्या इंजिनावर उभी राहिली. गिअर बॉक्सच्या नावातही असाच अर्थ असतो. जी ७६-५/४.१० असं लिहिलेलं दिसलं तर ५ हे पुढचे गिअर आणि ४.१० हे पहिल्या गिअरचं गुणोत्तर.

टेम्पोचं नातं जर्मनीशी होतं. बजाज टेम्पोनं व्हिडाल अँड सोनच्या सहकार्यानं तीनचाकी काढली, मग मॅटाडोर आली, आणि तिच्यात मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचं २.४ लिटरचं डिझेल बसलं. तेच पुढं त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीत. आपल्याकडं वडापच्या (सीटवर भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या) ट्रॅक्सनी किती लाख किलोमीटर ओढले याची मोजदाद नाही, पण गाडीचा पत्रा कुजून गेला तरी आतलं इंजिन पुन्हा बांधता येतं, हे वडापवाल्यांनीच शिकवलं. १९८० च्या दशकात जपानीही आले: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. यातल्या पहिल्या दोघांची नावं लवकर संपली आणि त्यांच्या गाड्या सुट्या भागांवाचून अडल्या. ओळख पटवण्याची कसोटी खरी तिथं लागते, कारण पार्ट नंबर सांगायला काउंटरच उरत नाही. पिस्टन घेऊन बाजारात जायचं, व्यास, पिनची जाडी आणि पिनपासून डोक्यापर्यंतची उंची मोजायची, आणि दुसऱ्या कुठल्या इंजिनाचा पिस्टन जवळ येतो ते शोधायचं.

हे सगळं कोल्हापुरातच इतकं का मुरलं? एक कारण फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने. नदीकाठच्या उसाला पाणी लागायचं, त्यासाठी ऑईल इंजिनं लागायची, आणि ती इथं ओतून, घासून, बांधून तयार होऊ लागली. उद्यमनगरातून हे काम पुढं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पसरलं. ज्या गावात ब्लॉक ओतला जातो त्या गावाला ब्लॉक वाचताही येतो. त्याही आधीची एक सवय इथल्या हातात आहे. आडनावानं मेस्त्री असलेल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा इथंच तयार केला, परदेशी यंत्र बघून, समजून घेऊन. कामाची रीत तीच आहे: आधी खोलून समजून घ्यायचं, मग आपलं बनवायचं.

फौंड्रीवाल्याला एक फरक पक्का माहीत असतो, जो गाडी घेणाऱ्याला बहुधा नसतो. ब्लॉकवर दोन प्रकारचे अंक असतात. उठावाचे अंक पॅटर्नमधून आलेले, ओततानाच उमटलेले; ते आराखड्याची ओळख सांगतात आणि तसे हजारो ब्लॉक असतात. पंचनं ठोकलेला नंबर त्या एकाच इंजिनाचा असतो, आणि तोच आरसीवर असतो. उठावाचा अंक बघून पार्ट शोधायचे, ठोकलेला नंबर बघून मालकी तपासायची. ठोकलेल्या नंबराखालची जागा ग्राईंडर फिरवल्यासारखी गुळगुळीत असेल तर ते इंजिन कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

गिअर बॉक्सवर अंक नसले तरी तो स्वतः बोलतो. वरचा लिव्हर एका गिअरमध्ये टाका, मागचा शाफ्ट एक पूर्ण फेरी फिरेपर्यंत पुढचा शाफ्ट हातानं फिरवा आणि फेऱ्या मोजा. चार फेऱ्या आणि जरासं वर गेलं तर गुणोत्तर ४.१ च्या आसपास. प्रत्येक गिअरचं असं टिपलं की अर्धी ओळख झाली. मग इनपुट शाफ्टची स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) मोजायची, टोकाचा व्यास घ्यायचा (तो फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये बसायला हवा), आणि बेल हाउसिंगच्या (बॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या) भोकांचा कागदी छाप घ्यायचा.

एका गाडीचं इंजिन आणि दुसऱ्याचा बॉक्स जोडायचा तर मध्ये अॅडॅप्टर प्लेट लागते. ती ओतून, लेथवर घासून मिळते, कोल्हापुरात त्यात अडचण नाही. अडचण असते केंद्र जुळवण्यात. क्रँकचं केंद्र आणि बॉक्सच्या शाफ्टचं केंद्र यांत पाच थाऊपेक्षा, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांपेक्षा, जास्त फरक राहिला तर गिअर सुटतो, क्लच प्लेटची बुश फाटते, पायलट बेअरिंग ओरडतं. डायल गेज न लावता, नुसते बोल्ट आवळून बसवलेला बॉक्स सहा महिन्यांत परत येतो. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन घालताना आणखी एक चूक व्हायची. विलिसच्या अॅक्सलमध्ये ४३ दातांचा क्राऊन आणि ८ दातांचा पिनियन असतो, म्हणजे गुणोत्तर ५.३८. पेट्रोल इंजिनाच्या चढ्या आरपीएमसाठी ते ठीक, पण डिझेल तेवढं फिरत नाही. क्राऊन-पिनियन तसाच ठेवला की जीप पन्नास-साठच्या पुढं जाताना तळमळायची.

आता अशी अदलाबदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच जातीचा ब्लॉक बदलला तरी आरटीओकडं नोंद करावी लागते. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराचं मानक लागू आहे, त्यामुळं जुनं इंजिन नव्या गाडीत हा विषयच संपला. २०२१ च्या स्क्रॅप धोरणानंतर मोडीत निघणारी गाडी नोंदणीकृत केंद्रात जायला हवी.

म्हणून जुन्या पिकअप इंजिनाचा पुनर्वापर आता मुख्यतः एका जागी उभ्या कामाला आहे: नदीवरचा पंप, गुऱ्हाळाचा घाणा, मळणी, जनरेटर. इथंही गाडीचं इंजिन जसंच्या तसं बसवून चालत नाही. गाडीच्या डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, अनेकदा फक्त दोन टोकं सांभाळतो, आयडल आणि कमाल वेग. मधला वेग ड्रायव्हरच्या पायावर. घाण्यात उसाची मोळी गेली की इंजिन बसतं, मोळी संपली की उसळतं. तिथं सगळ्या वेगांवर काम करणारा गव्हर्नर हवा, त्यासाठी पंपाची पाटी वाचून योग्य पंप शोधावा लागतो. दुसरी चूक पाण्याची. रेडिएटर काढून नदीचं थंड पाणी सरळ ब्लॉकमधून फिरवतात, थर्मोस्टॅटही काढून टाकतात. इंजिन गरमच होत नाही म्हणून मालक खूश असतो, पण थंड भिंतीवर ऑईल नीट काम करत नाही, लायनर झिजतात, आणि गाळ जॅकेटमध्ये साचतो. एवढ्या चुकांपायी चांगली बांधलेली इंजिनं दोन हंगामांत धूर ओकू लागलेली मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण वीस वर्षं रस्त्यावर टिकलेलं लोखंड होतं ते.

जे बांधण्यापलीकडं गेलं ते फौंड्रीत जातं. गाडीच्या ब्लॉकचं बीड (ओतीव लोखंड) चांगलं मानतात, म्हणून तो घणानं फोडून भट्टीच्या चार्जमध्ये टाकतात आणि त्यातून नवा भाग ओतला जातो. फोडण्याआधी एक काम दोन मिनिटांत होतं. उठावाच्या अंकांवर कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची, छाप उमटतो. शेजारी बोअर, स्ट्रोक, बोल्ट इंचातले की मिलिमीटरमधले, आणि कुठल्या गाडीतून निघालं एवढं लिहायचं. जुने मिस्त्री हे सगळं तोंडपाठ सांगतात, पण ते कागदावर फार थोड्यांनी उतरवलंय. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या भिंतीवर अशा छापांची फाईल लटकलेली असेल, तर ऑल्विन निसानचा शेवटचा पिस्टन शोधत आलेल्या माणसाला ती दाखवता येईल.