दूध नासतं कधी आणि लागतं कधी

जानेवारीत नाशिकला थंडी पडली की आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी तोच प्रसंग. रात्री दहाला विरजलेल्या दुधावरची ताटली सातला उचलावी, तर पातेल्यात हलतं, किंचित आंबूस वासाचं पांढरं पाणी. ना धड दूध, ना धड दही. अधमुरं दही मुद्दाम आवडीनं खाणारी माणसं आहेत, मीही त्यातलीच. पण हे तेवढंही मुरलेलं नसतं.

पहिल्या हिवाळ्यात मी यावर उपाय म्हणून तासातासाला झाकण काढून चमच्यानं ढवळत बसले होते. विरजण सगळीकडे पोचत नसेल, असं वाटायचं. शेवटी हाती आलं ते रवाळ, पाणी सुटलेलं काहीतरी. ते का बिघडलं हे समजायला दूध नासणं आणि दही लागणं यांतला फरक आधी समजावा लागतो.

दोन्ही ठिकाणी काम करतं ते आम्लच. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. त्याचे बारीक बारीक गोळे दुधात तरंगत असतात, साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. प्रत्येक गोळ्यावर ऋण विद्युतभार असतो आणि बाहेरून केसाळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. आम्ल वाढलं की हा भार कमी होत जातो. आंबटपणा मोजायचा आकडा म्हणजे सामू (pH); आम्ल वाढतं तसा तो खाली येतो. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तो ४.६ वर आला की भार संपतो आणि गोळे एकमेकांना धरतात.

खरा फरक पडतो तो वेगामुळे. उकळत्या दुधात लिंबू पिळलं की आम्ल एकदम आणि गरम दुधात मिसळतं. गोळे मिळेल त्याला चिकटून घट्ट गाठी होतात, पाणी बाहेर फेकलं जातं आणि आपल्याला पनीर मिळतं. विरजणातले जीवाणू मात्र पातेलंभर पसरलेले असतात. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. हळूहळू, आणि सगळीकडे सारखंच. मग गोळे सावकाश ओळीनं जोडले जातात आणि पातेलंभर एक नाजूक जाळं विणलं जातं. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं, ते सगळं या जाळ्यात अडकून राहतं. वाटी कलती केली तरी कवडीदार दही जागचं हलत नाही, ते यामुळे. मी चमच्यानं तेच जाळं पुन्हा पुन्हा फाडत होते. एकदा फाटलं की ते पहिल्यासारखं जुळत नाही आणि फटींतून निवळी गळते. विरजलेल्या पातेल्याला धक्का लावू नये म्हणतात, ते अगदी शब्दशः खरं आहे.

दूध आधी उकळायचं, त्यालाही दोन कारणं आहेत. एक तर नको असलेले जीवाणू मरतात आणि आपल्या विरजणाला मैदान मोकळं मिळतं. दुसरं कारण मला जास्त आवडतं. साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या पुढे दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी निवळीतून वाहून जातात, ती उलगडतात आणि केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. जाळं दाट होतं, पाणी जास्त धरून ठेवतं. एक उकळी येताच गॅस बंद करण्यापेक्षा मंद आचेवर आणखी दहा मिनिटं दूध राहू द्या. सकाळी फरक चमच्याला कळतो.

मग येते करंगळी. दूध किती निवलं की विरजायचं? आमच्या आईचं माप असं : करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, ऊब लागली पाहिजे, पण चटका बसता कामा नये. या मापाची अचूकता मला अजूनही थक्क करते. आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंवर उष्णतेचा एक संवेदक असतो. तो साधारण ४३ अंशांच्या वर उघडतो आणि मेंदूला चटक्याचा निरोप जातो. मिरचीचा तिखटपणाही त्याच दारातून आत येतो. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढतच डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. आता दह्यातल्या मुख्य जीवाणूंना सर्वांत जास्त मानवणारं तापमान बघा : ४० ते ४५ अंश. म्हणजे चटका जिथे सुरू होतो, त्याच्या अलीकडेच विरजणाची जागा. त्याहून बरंच गरम, ६० अंशांच्या आसपास दूध असेल, तर विरजण जळतं.

हे जीवाणू प्रामुख्यानं दोन : स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसऱ्याची ओळख स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं १९०५ मध्ये जिनिव्हात पटवली. दोघं एकमेकांना धरून राहतात. बल्गेरिकस प्रथिनं तोडून थर्मोफिलसला खायला देतो. थर्मोफिलस फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडून बल्गेरिकसची वाढ करतो. घरच्या दह्यात शिवाय लॅक्टोकॉकसही असतात. त्यांना ३० अंश पुरतात, म्हणून एरवी ओट्यावर ठेवलेलं दूधही रात्रभरात लागतं. घरच्या दह्याला लोण्यासारखा जो वास असतो, तोही बराचसा त्यांच्याकडूनच येतो.

जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरलं, तर पाच तासांत एकाचे १,०२४ होतात. म्हणून अर्धा लिटर दुधाला अर्धा चमचा विरजण भरपूर झालं. थंडीत दही लागत नाही म्हणून मोठा डाव भरून विरजण घालणं हा आपला सगळ्यांचा पहिला विचार असतो, पण त्याबरोबर आयतं आम्लही दुधात पडतं आणि दही आंबट, रवाळ होतं. थंडीत विरजण वाढवू नका, ऊब वाढवा. तांदळाच्या डब्यात पातेलं पुरून ठेवा, जुन्या शालीत गुंडाळा, नाहीतर कॅसरोलमध्ये ठेवा. उष्णता चार-पाच तास टिकली की काम झालं. नागपूरच्या मे महिन्यात सगळं उलट : थेंबभर विरजण, मातीचं भांडं आणि लागल्याबरोबर थेट फ्रीज. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपून उडतं, भांडं गार राहतं आणि दहीही घट्ट होतं.

कधी कधी मात्र सगळं नीट करूनही दूध लागत नाही. जनावराला कासेच्या आजारासाठी प्रतिजैविकं दिली असतील आणि ती दुधात उतरली असतील, तर ती विरजणालाही मारतात. दूध टिकावं म्हणून कुणी सोडा मिसळला असेल, तर तयार होणारं आम्ल त्यातच जिरतं. त्याच विरजणानं, त्याच घरात, वेगळं दूध वापरून दही लागलं, तर पहिल्या दुधाबद्दल दूधवाल्याला जरूर विचारा.

विरजणाचा आणखी एक शत्रू आहे, आणि त्याची गोष्ट मला कुणालाही सांगावीशी वाटते. जीवाणूंनाही विषाणू लागतात. मोठ्या डेअरीत असा विषाणू शिरला की टाक्याच्या टाक्या दूध न लागता राहतं. पण थर्मोफिलसचे काही वाण अशा हल्ल्यातून वाचतात. रोडॉल्फ बारांगू, फिलिप ओर्वाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की वाचलेला जीवाणू विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा कापून स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो. तोच विषाणू पुन्हा आला की त्या तुकड्यावरून त्याला ओळखतो आणि छाटून टाकतो. या व्यवस्थेचं नाव क्रिस्पर. पुढे तिच्यापासून जनुकं हवी तिथे कापण्याचं तंत्र तयार झालं आणि इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज सिकल सेलसारख्या आजारावर त्या तंत्रानं उपचार होतात. ज्याच्यावर हे पहिल्यांदा सिद्ध झालं, तो जीवाणू आपल्या दह्याच्या पातेल्यातला.

आपण मात्र उत्साहावर 'विरजण पडलं' म्हणतो. मला हा वाक्प्रचार नेहमी अन्यायाचा वाटतो. विरजण पडल्यावर दूध संपत नाही. एका दिवसात नासलं असतं ते आठवडाभर टिकतं. लॅक्टोजचा काही भाग जीवाणूंनी आधीच खाल्लेला असतो, म्हणून दूध न पचणाऱ्या अनेकांना दही पचतं.

शेजारच्या काकूंना परवा विरजण हवं होतं. माझं विरजणही सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडूनच आणलेलं. त्यांचं गावाला गेल्यावर आंबून वाया गेलं होतं. मी वाटी दिली तेव्हा म्हणाल्या, "अगं, हे तर आमचंच." आता ताटली उचलल्यावर, कुणी पानावर बसायच्या आत, मी दोन चमचे दही बाजूच्या वाटीत काढून ठेवते.