जुन्या गाडीत पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं?

डेल्कोची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप लावलेली असताना पॉइंटची आणि मॉड्यूलची अशा दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. कॅप तीच, रोटर तोच, आतला दांडा आणि वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी अ‍ॅडव्हान्सची वजनंही तीच. बदलतो फक्त ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलचा करंट तोडणारा स्विच. पॉइंट म्हणजे उघडझाप होणारी धातूची दोन टोकं; पॉइंटच्या गाडीत दांड्यावरचा उंचवट्यांचा कॅम पॉइंटची टाच उचलतो आणि करंट तुटतो. मॉड्यूलच्या गाडीत कॅमवर चुंबकाची रिंग चढवलेली असते, तिच्या इशाऱ्यावर ट्रान्झिस्टर तेच काम करतो. घासणारं काही नाही, म्हणून झिजणारंही नाही.

मात्र बाकीचा डेल्को जुनाच राहतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. अडकलेली वजनं, इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ बदलणारा पण फाटलेला व्हॅक्युम डायफ्राम, तडा गेलेली कॅप हे दोष मॉड्यूलने जात नाहीत. दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलं असेल तर पॉइंटची गॅप चारही उंचवट्यांवर वेगवेगळी भरते. मॉड्यूल ही डगडग बऱ्यापैकी सहन करतं, म्हणजे दोष झाकला जातो, बुश काही नवं होत नाही.

पॉइंट बदनाम झाले ते बऱ्याचदा कंडेन्सरमुळे. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू नये म्हणून तो असतो, क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. तो कमजोर झाला की पॉइंटवर निळी ठिणगी उडते, एका टोकाला खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ तयार होतं, प्लगला मात्र पिवळी, मरतुकडी ठिणगी जाते. तो शॉर्ट झाला तर गाडी जागीच बंद. हल्ली मिळणारे काही कंडेन्सर पहिल्याच मोठ्या प्रवासात दगा देतात. त्यामुळे चालू असलेला जुना कंडेन्सर नवा आणला म्हणून फेकू नये.

अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाला पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फियाटचा आकडा वेगळा आहे, तो मॅन्युअलमधूनच घ्यावा. हँडल मारून टाच कॅमच्या टोकावर आणायची, लॉक स्क्रू थोडा सैल करून फिलर गेजची पट्टी हलकी अडेल इतकी जागा ठेवायची. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजायचं, कारण आवळताना प्लेट सरकते. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात, रोटरखाली तेलाचा एक थेंब. जास्त झालं तर ते पॉइंटवर उडतं आणि जळतं. टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे जातं. त्याचीच तक्रार मग ‘गाडी चढावर ओढत नाही’ अशी येते.

मॉड्यूल घेण्याआधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते पाहा. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत प्लस अर्थ असतो. त्यात मायनस अर्थचं मॉड्यूल जोडलं तर चावी फिरवताच ते जळतं. मग कॉइलची दोन टोकं मल्टिमीटरने मोजा. चार सिलिंडरच्या १२ व्होल्ट गाडीत साधारण ३ ओहम हवेत. दीड ओहमची, बॅलास्टवर (करंट कमी करणाऱ्या रेझिस्टरवर) चालणारी कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर करंट दुप्पट होतो. मॉड्यूलच्या लाल वायरला थेट चावीचे पूर्ण १२ व्होल्ट द्या. डेल्कोतल्या प्लेटची छोटी अर्थ वायर तुटकी नाही ना तेही पाहा. तांब्याच्या प्लग वायरी काढून कार्बनच्या लावा, आणि शेवटी टायमिंग लाइटने टायमिंग नव्याने जुळवा. सगळ्यांत जास्त राहून जाते ती हीच शेवटची पायरी.

इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडू नका. पॉइंटच्या गाडीत कॉइल तापून खराब होऊ शकते, इथे मॉड्यूलही जाऊ शकतं. निफाडकडच्या जानेवारीतल्या पहाटे अर्धमेली बॅटरी सेल्फ मारताना ८-९ व्होल्टवर येते. पॉइंट तेवढ्यावरही ठिणगी देतात, मॉड्यूल काही वेळा गप्प बसतं.

कसारा घाटात गाडी बंद पडली तर आधी दोष पेट्रोलचा की करंटचा ते ठरवा. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि दोष कॉइलच्या माथी मारला जातो. जादा प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून त्याला प्लगची वायर लावा, सेल्फ मारा आणि ठिणगी पडते का ते पाहा. वायर हवेत मोकळी धरून ठिणगी बघायची जुनी सवय मॉड्यूलच्या गाडीत महागात पडते.

आमचा कल असा: वर्षातून दोन-तीन रॅली आणि रविवारची नाशिकच्या गंगापूर रोडवरची फेरी एवढंच असेल तर चांगल्या कंडेन्सरसह पॉइंटच ठेवा. केंद्राच्या २०२१च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी, म्हणून काढलेले भाग जपणं आलंच. दर आठवड्याला घाट चढणाऱ्या गाडीत मॉड्यूल बसवा, पण डिकीत पॉइंट आणि कंडेन्सर लावून गॅप जुळवलेली अख्खी बेसप्लेट ठेवा, सोबत एक स्क्रूड्रायव्हर आणि गेज. मॉड्यूल मेलं तर रस्त्यात दुरुस्त होत नाही; ही प्लेट रस्त्याकडेला बसून बदलता येते.