सैतानबुवांचा सॉस नेमका कुठला?

कामावरून आल्यावर अर्ध्या तासात होणारा तिखट कोळंबी पास्ता म्हणून ‘फ्रा दियावोलो’ची कृती आता सगळीकडे फिरते. लसूण, मिरचीचे फ्लेक्स, डब्यातला टोमॅटो, थोडी व्हाइट वाइन आणि लिंग्विनी किंवा स्पॅगेटी. कृतीवरून कुणी भांडत नाही, भांडण आहे ते नावावरून आणि गावावरून.

‘फ्रा’ ही ख्रिस्ती साधूच्या नावाला लागणारी उपाधी, आपल्या ‘बुवा’सारखी. ‘दियावोलो’ म्हणजे सैतान. हे टोपणनाव होतं रोम-नेपल्स रस्त्यावरच्या इत्री गावातल्या एका बंडखोराचं. लहानपणी नवसाची म्हणून त्याला साधूची कफनी घातली होती, पण अंगातली खोडी जाईना, त्यावरून ते पडलं असं सांगतात. फ्रेंच फौजांशी तो गनिमी काव्याने लढला. नेपल्सच्या राजाने त्याला कर्नल केलं, फ्रेंचांनी दरोडेखोर ठरवून नोव्हेंबर १८०६ मध्ये नेपल्समध्ये फासावर चढवलं.  १८३० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याच्यावर विनोदी ऑपेरा आला आणि नाव दूरवर पोचलं.

सैतानबुवांनी स्वतः हा पास्ता खाल्ल्याची कथा मात्र सोडून द्यावी. त्यांच्या हयातीत नेपल्सच्या रस्त्यावर माकारोनी खात ती नुसत्या किसलेल्या चीजसोबत. टोमॅटोची आणि तिची गाठ रुळली ती पुढे एकोणिसाव्या शतकात. मिरची तेवढी जुनी. स्पॅनिश अमलात ती दक्षिण इटलीत आली आणि मिरी न परवडणाऱ्यांनी तिला आपलंसं केलं. त्याच सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली. मुंबईच्या बाजारात तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत ते त्यामुळेच.

आता मूळ तंटा. एक बाजू म्हणते, हा नेपल्सच्या घरातला पदार्थ, स्थलांतरितांनी बोटीतून नेला. दुसरी म्हणते, जन्म न्यूयॉर्कचा. मला दुसरीच बाजू पटते. मूळ पदार्थ कोळंबीचा नव्हता, लॉबस्टरचा होता. नांग्यांचा तो मोठा अमेरिकी लॉबस्टर वायव्य अटलांटिकचा, भूमध्य समुद्रात तो नाहीच. तिथे त्याचा युरोपी भाऊबंद आणि बिननांगीचा शेवंड मिळतो, पण दोन्ही महाग. शिवाय इटलीत पास्ता हा जेवणाचा पहिला वाढप. पास्त्याच्या ढिगावर अख्खा लॉबस्टर फोडून ठेवणं ही अमेरिकेतल्या सुबत्तेची रीत. नावाची ठेवणही परकी वाटते. इटालियनमध्ये ‘अमक्याच्या पद्धतीचं’ म्हणताना ‘आल्ला’ लागतं, इथे ते गळून ‘लॉबस्टर फ्रा दियावोलो’ एवढंच उरलंय. विरुद्ध बाजूकडे एक चांगला दाखला आहे, तो नाकारू नये: नेपल्समध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी शिंपल्यांचं सूप करतात आणि त्यावर लालभडक तिखट तेल सोडतात. पण त्यासोबत कडक पाव असतो, पास्ता नाही.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले, बहुतेक दक्षिणेकडचे. दारूबंदीच्या वर्षांत (१९२० ते १९३३) त्यांच्या लहान खाणावळींत बाहेरचं गिऱ्हाईक वाढलं. घरी द्राक्षरस करायची पळवाट कायद्यात होती आणि त्या रसाची वाइन होई. तांबडा, झणझणीत सॉस त्या गिऱ्हाइकाला इटलीचा वाटला.

लॉबस्टरची जागा कोळंबीने घेतली आणि पदार्थ रोजच्या स्वयंपाकात आला. यामागे गोठवलेल्या कोळंबीइतकाच शुक्रवारचा वाटा असावा. अमेरिकी कॅथलिक घरांत दर शुक्रवारी मांस वर्ज्य असे. १९६६ मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी ही सक्ती सैल केली, तोवर आठवड्याला एक मासळीची रात्र ठरलेलीच होती.

लॉबस्टर कवचासकट सॉसमध्ये शिजायचा, कवचाचा रस उतरायचा. कोळंबीला तेवढा दम निघत नाही, दोन-तीन मिनिटांत ती आवळते. म्हणून जाणते लोक आधी तिची सालं ऑलिव्ह तेलात परततात, ती काढून टाकतात आणि त्याच तेलात लसूण-मिरची घालतात. तिखटपणा तेलात उतरतो. म्हणजे फोडणीच, फक्त बेताच्या आचेवर, कारण लसूण करपला की सगळा सॉस कडू. माकूल घालायची असेल तर तीही शेवटी, नाहीतर रबर. पास्ता मिनिटभर कच्चा असतानाच सॉसमध्ये घेऊन पास्ता उकळलेलं थोडं पाणी ओततात. चीज घालत नाहीत, निदान इटालियन माणसासमोर.

अमेरिकेत हा सॉस आता बरणीतही मिळतो. इटलीत ‘दियावोला’ मागितलंत तर समोर येईल तिखट सलामीचा (सॉसेजच्या चकत्यांचा) पिझ्झा, नाहीतर चपटी करून भाजलेली कोंबडी.